डाव्या दारावरचा ओरखडा

बाबा, गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या दारावर पडलेला ओरखडा माझ्या धुण्यानं पडलेला नाही. आज सकाळी चौकातल्या पेंटरनं तो पाहून तसं नक्की सांगितलं. "कपड्यानं घासलं का गोल-गोल जाळं पडते साहेब, उन्हात दिसते ते. हे सरळ आहे. चालत्या गाडीले ट्रक घासून गेला." त्यानं नखानं खरवडलं तर नारिंगी रंगाचा कण निघाला. आपली गाडी पांढरी. तरी मी पुन्हा विचारलं, "कपड्यानं होऊच शकत नाही का?" तो हसला. रंग आपल्याच हातून खराब झाला असावा, अशी आशा धरून आलेलं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

गाडी तुमच्या नातीची. तुम्ही तिला पाहिलं नाही. ती कळमेश्वरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली आहे आणि रोज स्वतः गाडी चालवत वाडी नाक्यावरून जाते-येते. तो रस्ता आता गोदामांचा आणि ट्रकांचा झाला आहे. कोणता ट्रक केव्हा वळेल याचा नेम नाही. आठवडाभर त्या रस्त्याची धूळ गाडीवर साचते आणि रविवारी मी ती धुतो. तुम्ही शिकवलं तशीच: ऊन चढायच्या आत, सावलीत, टप आधी आणि चाकांजवळचा भाग शेवटी, कारण खरी रेती तिथं असते. कपड्यांचा साबण नाही, भांड्यांचा नाही. धुऊन झालं की पाणी वाळू न देता मऊ कापडानं टिपून घ्यायचं.

ते शिकवणं सोपं नव्हतं. माझ्या लहानपणीची उन्हाळ्याची सकाळ आहे, तुम्ही दुसऱ्याकडून घेतलेली जुनी गाडी गल्लीत उभी आहे, आणि तुम्हाला खूश करायला मी कोरड्या फडक्यानं बॉनेट पुसतो आहे. तुम्ही दात घासता घासता धावत येता आणि माझं मनगट धरता. "काहून घासून राहिला गा? रेती आहे ते! पॉलिश पेपर मारून राहिला तू गाडीले. आधी पाणी सोड." अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मग तुम्ही दोन बादल्या आणल्या, एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडकं खळबळून घ्यायची, म्हणजे निघालेली रेती पुन्हा रंगावर जाऊ नये. नळाला पाणी धड येत नव्हतं ते दिवस. आई दारातून म्हणाली, "माणसाच्या आंघोळीले एक बादली अन् हिले दोन! तिलेच घरात घ्या, मी झोपते गल्लीत." तुम्ही म्हणालात, "तू उन्हात फिकी पडत नाहीस ना वं." त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं.

माझ्या धुण्यात काळजी फक्त रंगाची नसते, हे पोरीनं ओळखलं आहे. गेल्या महिन्यात बाल्कनीतून म्हणाली, "बाबा, तुम्ही गाडी धुऊन राहिले का तपासून राहिले?" मी हसलो, पण हात थांबला. बंपर, आरसे, चारही दारं, सगळ्यांवरून मी फडकं सावकाश फिरवतो. काही लागलं नाही, हे कळलं की आठवडा बरा जातो.

परवाच्या रविवारी गाडी भिंतीपासून बाहेर काढली आणि तो ओरखडा दिसला. मागच्या दारापासून थेट चाकापर्यंत, कंबरेच्या उंचीवर. मी विचारलं तर ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "तुमच्याच फडक्यानं झालं असल बाबा. किती घासता." मला बरं वाटलं. दोन दिवस मी माझं फडकं उलटसुलट करून पाहत होतो, त्यात एखादा खडा अडकलेला सापडेल म्हणून. आज मात्र ती कामाला निघायच्या आत, हवा भरून आणतो असं तिला सांगून गाडी घेऊन निघालो आणि पेंटरकडे थांबलो.

परत आल्यावर दुसरी एक गोष्ट लक्षात आली. हल्ली काही दिवस ती गाडी डावी बाजू भिंतीला अगदी चिकटवून लावते आहे. म्हणजे तिला माहीत आहे. म्हणजे त्या रस्त्यावर कधीतरी एक ट्रक तिच्याकडे सरकत आला, ती वाचली, घरी आली, आमच्यासोबत जेवली आणि काही बोलली नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यानं गेली.

मघाशी तिचा फोन आला, निघाली आहे म्हणून. वाडीला या वेळी गर्दी असते. अंधार पडेपर्यंत यायला हवी. आल्यावर विचारणार आहे. पहिलं वाक्य काय असावं, ते दुपारपासून जमवतो आहे, आणि प्रत्येक वेळी ते रागावल्यासारखंच होतं. राग आलेला नाही, बाबा. मी घाबरलो आहे. हे तिला सांगता येईल की नाही कळेना, म्हणून आधी तुम्हाला सांगून पाहिलं.