पहिला बर्फ कुणी भरला

हसनाबाद, श्रीनगर
९ डिसेंबर

लाडक्या मुख्तार,

सलाम, आणि तुझ्या आपाच्या खूप खूप दुआ. नुसरत बरी आहे ना? छोटीला दात आले का? पहाटेपासून इथे बर्फ पडतोय. परसातली भाजी गाडली गेली, आज पुन्हा वाळवलेली वांगीच. तुझे मेहुणे निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून बसलेत आणि वर मलाच विचारतात, "फार थंडी वाजतेय का गं?"

अब्बा बरे आहेत.

नाही रे, बरे नाहीत. हात थरथरतो त्यांचा. परवा कागदाच्या लगद्याच्या डबीवर चिनाराचं पान रंगवायला बसले आणि कुंचला घसरला. धुतला, कापडात गुंडाळून ठेवला. तेव्हापासून रंगाच्या वाट्या कोरड्याच आहेत. मला स्वयंपाकघरात जाऊन रडू आलं.

छापील फुलं चिकटवलेल्या डब्या तू विकायला लागलास, तेव्हा ते तुला नाही नाही ते बोलले, कबूल. पण तू तरी कुठे कमी आहेस? घर सोडताना शपथ घेतलीस, "अब्बांना माझ्या दारी कधी बोलावणार नाही!" मग त्यांनीही घेतली, "बोलावल्याशिवाय तुझा उंबरा चढणार नाही!" झालं! नात रांगायला लागली, पण आजोबांनी अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. मला मात्र रोज विचारतात, "नाक कुणावर गेलंय गं तिचं?" मी म्हटलं, जाऊन बघा की. तर म्हणे, "न बोलावता जाऊ? मला काही लाजबीज आहे की नाही?"

आज सकाळी खिडकीत बसले होते. एकदम म्हणाले, "जैतून, यंदाचा पहिलाच बर्फ ना हा?" उठले, एक डबी घेतली आणि अंगणात जाऊन स्वतः बर्फाने भरली. मी म्हटलं, "अब्बा, आणि शपथ?"

"मी कुठे जातोय? बर्फ जातोय."

डबी घेऊन आलेली जेबा मासेवाली एव्हाना पसार झाली असेल. तिला दारातच पकडलं असतंस, तर पहिल्या बर्फाच्या रिवाजाप्रमाणे जेवण आम्ही घातलं असतं. पण पत्र वाचायच्या आधी तू झाकण उघडलंसच, मी काय ओळखत नाही तुला? पहिला बर्फ बेसावध घेतलास, पैज हरलास. आता पाठवणाऱ्याला जेवू घाल. यात कुणी कुणाला बोलावलं नाही, की कुणाची शपथ मोडली नाही.

शुक्रवारी आम्ही येतो. गोळ्यांचं मटण मऊ होईपर्यंत कुटून घे, अब्बांना चावत नाही. हात थरथरतो म्हणून छोटीला घ्यायला नको म्हणतील. ऐकू नकोस, सरळ मांडीवर ठेव.

पत्राखाली सही करा म्हटलं, तर नाही म्हणाले. शपथ आहे ना! पण डबी कुणी भरली ते लिहिलंस का, म्हणून दोनदा विचारून गेलेत.

लिहिलं, अब्बा.

तुझी,
जैतून आपा