कान्हेरीचा जाणकार

१ जानेवारी
नवं वर्ष. आधी सगळ्यांची खुशाली. बायकोचं, प्रेमाचं बीपी कसं आहे? बरं आहे. वरच्या मजल्यावरच्या शरच्चंद्राची साखर? काबूत आहे, असं तो म्हणतो. नाक्यावरच्या जिलेबीवाल्याला विचारायला हवं. माझा गुडघा? कुरकुरतो, पण ऐकतो. तेव्हा यंदा कान्हेरी. मुलुंडला आमच्या गच्चीवरून डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडच्या अंगाला ही लेणी. तीस वर्षं वाचतोय. एकेक गुंफा तोंडपाठ. फक्त जायचं तेवढं राहिलंय. प्रेमाला आणि शरच्चंद्राला मीच दाखवणार, असा शब्द दिलाय.

४ जानेवारी, शनिवार
उद्या नक्की. शरच्चंद्राला गच्चीवर नेऊन लेण्यांची उजळणी करून दिली. म्हणाला, सहदेवा, हे मी आठव्यांदा ऐकतोय रे. असू दे. पाया पक्का हवा.

५ जानेवारी, सकाळी ६
प्रेमा पोह्यांचा डबा भरून, बूट घालून बसलेली. पण आभाळ भरलंय. कोरीवकामावर ऊन तिरपं पडावं लागतं. तिच्यासाठीच रद्द केलं. पोहे घरीच खाल्ले. मीठ कमी.

१२ जानेवारी, रविवार
ऊन फार. प्रेमाला सोसणार नाही. म्हणाली, मला काय धाड भरलीय? तिला स्वतःच्या तब्येतीची कल्पना नाही.

१९ जानेवारी, रविवार
सकाळी दोनदा शिंकलो. पुढच्या रविवारावर ढकललं. कुणी कुरकुर केली नाही. प्रेमा विक्रोळीला, बहिणीकडे, वनमालाकडे गेली. शरच्चंद्र दाताच्या डॉक्टरकडे. समजूतदार माणसं.

संध्याकाळी
सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. कान्हेरीच्या उंच बुद्धमूर्तीच्या पायाशी प्रेमा, वनमाला आणि दातवाला. दात सगळे शाबूत. केसाने गळा कापला.

प्रेमा आली. मी तिच्याशी आणि शरच्चंद्राशीही अबोला धरला. तिनेच सांगितलं. भिक्खूंच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर ती बसली. माठासारखा गार. दोन हजार वर्षांपूर्वी इथे कुणीतरी कूस बदलली असेल, असं वाटून अंगावर काटा आला म्हणे. हे माझ्या एकाही पुस्तकात नाही. म्हणाली, अहो, तुम्ही सांगता तस्संच आहे सगळं, तुम्हीच तेवढे नव्हता. शरच्चंद्राने तिथल्या लोकांना माहिती सांगितली. माझी माहिती. टाळ्या त्याला.

२० जानेवारी, सोमवार
ठरलं. आज एकटाच जाणार. कुणाला सांगायचं नाही. गर्दी नको म्हणून मुद्दाम सोमवार. जाणकार माणूस असाच वार निवडतो.

दुपारी, बोरिवली
लेणी ज्याच्या आत आहेत त्या पार्कचं गेट बंद. वॉचमन म्हणाला, काका, सोमवारी बंदच असतं, पहिल्यांदा आलात का? मी म्हटलं, छे, नेहमीचा आहे. मग समोरच्या बाकावर बसून मोबाइलवर लिहिलं, ते इथेही उतरवतो:

‘शरच्चंद्रा, बोलणं बंद आहे म्हणून लिहितोय. दात कसा आहे? मी बोरिवलीला, पार्कच्या बंद गेटसमोर बसलोय, ते प्रेमाला सांगू नकोस. उद्या मला लेणी दाखवशील का? मध्ये तोंड घालणार नाही. वाट बघतोय, लगेच लिही.’