दुसऱ्या खेळाडूचा कंदील

त्सुबामे,
शनिवार, ७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्राच्या आरंभी हवापाणी लिहावं आणि समोरच्याच्या प्रकृतीची चौकशी करावी, असं शाळेत शिकवलंय. तर बर्फ खालच्या खिडकीच्या अर्ध्यावर आलंय, आणि तुझी प्रकृती ठणठणीत असावी, कारण कालचं ताट चाटूनपुसून परत आलं. मुळ्याचं लोणचं तेवढं तसंच. पन्नाशीला टेकलास तरी मुळा नाहीच का रे?

एकाच घरात, मधे फक्त एक जिना, आणि मी तुला पत्र लिहितेय. काय करू? दार दोनदा वाजवलं, दोन्ही वेळा तू आतून हीटर मोठा केलास. आई ताटाखाली चिठ्ठ्या ठेवायची म्हणे. मीही तेच करतेय.

आठवड्याची रजा काढून आलेय. सैतामाच्या दवाखान्यात आमच्या डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, लोकांचे दात साफ करायला दुसरी बाई कुठून आणू म्हणाले. पण बाबांनी बोलावलं म्हणून आले. का बोलावलं ते आत्ता नको. आई गेल्यापासून तुझं ताट वर आणणं त्यांना झेपत नाही, गुडघे पार गेलेत. सध्या एवढंच धरून चाल.

मला वेगळंच सांगायचंय. येताना ओमिया स्टेशनजवळच्या दुकानात काय दिसलं असेल? 'धुक्याचा डोंगर'! आपला लहानपणीचा व्हिडिओ गेम! नव्या कन्सोलसाठी पुन्हा काढलाय. मी दुकानात उभ्या उभ्या ओरडले, तर एक म्हातारे गृहस्थ बाजूला सरकले. कन्सोलसकट घेऊन आले आणि बाबांच्या टीव्हीला जोडलाय. कालपासून खालून जे संगीत येतंय ते तेच. ओळखलंस ना? ओळखलंच असशील.

धुकं आता खरोखरीचं दिसतं. आपल्या वेळी नुसते पांढरे ठिपके होते. मला नाही आवडलं. पण एक बटण दाबलं की जुनं चित्र येतं, तेव्हा बरं वाटतं. पहिल्या खेळाडूच्या वाटाड्याची काठी तशीच, कावळे तसेच हरामखोर. फक्त पुढे सरकता येत नाही. दोरीच्या पुलावर अंधार होतो, आणि कंदील दुसऱ्या खेळाडूच्या हातात असतो. तो कायम मी असायचे. पहिला रिमोट तुझा, त्याला हात लावला की टपली. दगडी दरवाजा उघडायला मला दुसऱ्या रिमोटच्या छोट्या मायक्रोफोनमध्ये बोंब मारावी लागायची, आणि आई खालून ओरडायची, "कानाए, घर आहे की मासळीबाजार!" नव्या रिमोटला तो मायक्रोफोन नाही. बोंबलण्याऐवजी दोन बटणं एकदम दाबायची. बायकांनी आता घसाही वाया घालवायचा नाही.

तर आता पहिला खेळाडू मी. दुसरा रिमोट सूपच्या वाटीशेजारी ठेवलाय. बिनतारी आहे, तुझी खोली बरोबर टीव्हीच्या वर आहे. मनात आलं तर बघ. नाही आलं तर परत पाठव, पण त्यावर सूप सांडू नकोस.

तुझी,
कानाए


सोमवार, ९ फेब्रुवारी

दादा,

रिमोट परत आला नाही तेव्हा मला वाटलं, विसरलास. काल दुपारी मी एकटीच त्या पुलावर पुन्हा पुन्हा मरत होते. कावळा आला, मी पडले. पुन्हा कावळा, पुन्हा पडले. आणि एकदम कंदील लागला.

मी इतकी दचकले की तशीही पडलेच. पुन्हा सुरू केलं. कंदील माझ्या पुढे गेला, दुसऱ्या फळीवर थांबला, मी पोचेपर्यंत थांबून राहिला, मग पुढच्या फळीवर. कावळ्याचा आवाज आला की विझायचा, कावळा गेला की लागायचा. तुझ्या खोलीत टीव्ही नाही, चित्र नाही, काही नाही. तू जमिनीतून येणारं संगीत ऐकून खेळत होतास! लहानपणी गल्लीतली पोरं जमवून तू डोळे मिटून पूल ओलांडायचास, आणि मी सगळ्यांना सांगायचे की हा बोटांच्या फटीतून बघतो. नव्हतास बघत.

मला रडू आलं, हे लिहून टाकते. आपण दोघांनी मिळून काही केलं त्याला किती वर्षं झाली, दादा. मी जोरात म्हणाले, "डावीकडे!" आणि कंदील उजवीकडे गेला. माझंच चुकलं होतं. त्यावरून तू वर हसलास का? मला तसं वाटलं.

तेवढ्यात बाबा चहा घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"हा दिवा कोण हलवतोय?"

"दादा."

"वरून?"

"वरून."

ते खूप वेळ बघत राहिले. तुला माहीत नाही, बाबा आता किती लहान दिसतात. चमच्यांचा कारखाना बंद केल्यापासून पॉलिश करायला काही नाही, तर हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नाही. कंदील पुलाच्या टोकाला पोचला तेव्हा त्यांनी चहा तसाच खाली ठेवला. म्हणाले, "आवाज मोठा कर. त्याला नीट ऐकू येऊ दे."

मला इतकं बरं वाटलं. मग ते आणखी एक वाक्य बोलले. ते मी कालपासून कागदावर आणायचा प्रयत्न करतेय आणि प्रत्येक वेळी कागद फाडतेय.

आज माशाचं कालवण आहे. मुळा घातलेला नाही.

कानाए


बुधवार, ११ फेब्रुवारी, दुपार

दादा,

जेवण गार झालं तरी चालेल, आधी हे वाच.

उद्या सकाळी दहा वाजता चार माणसं येणार आहेत. तुला खोलीतून बाहेर काढून घेऊन जायला. हाच त्यांचा धंदा आहे. दुसऱ्या प्रांतात डोंगरात त्यांचं केंद्र आहे, तिथे तुझ्यासारख्या, वर्षानुवर्षं खोलीत कोंडून घेतलेल्यांना ठेवतात, "सवय लावतात". फोन देत नाहीत. किती दिवस, ते नीट सांगत नाहीत. बाबांनी सही केलीय. मला त्यासाठीच बोलावलं, त्यांना एकट्याने ते बघवणार नव्हतं म्हणून.

मला शनिवारपासून माहीत होतं.

ती माणसं गेल्या महिन्यात येऊन गेली. बाबा मला कौतुकाने सांगत होते, सूट काय, दोन्ही हातांनी कार्ड देणं काय, मिठाईचा डबा काय. "आणि बूट कसे काढले माहितीये? चौघांनी वळवून, टाचा एका ओळीत, दाराकडे तोंड. ज्यांच्या घरी बूट असे लावायला शिकवलंय, ती माणसं वाईट असतील का?" जन्मभर चमच्यांची चमक बघून माल पारखला, त्यांनी माणसंही तशीच पारखली. मी म्हटलं, बाबा, हात धरून ओढतात ती माणसं, मी वाचलंय. म्हणाले, "लोक काहीही लिहितात."

गाडीवर नाव नसेल. तांदळाच्या गोदामामागे उभी करणार, शेजारच्या इगाराशी बाईंना दिसू नये म्हणून. त्यांना बाबा अजून सांगतात की तू नागोयाला नोकरीला आहेस. इगाराशी बाई दरवर्षी विचारतात, नागोयात थंडी कशी आहे, आणि बाबा सांगतातही! मला वाटतं त्या बाईंना सगळं माहीत आहे.

आता ते वाक्य. बाबा म्हणाले, "गुरुवारी दहाला हाच खेळ लाव. आवाज असाच मोठा. तो दिव्यात गुंतला की जिन्यावरची पावलं त्याला ऐकू येणार नाहीत."

दादा, मी हा खेळ त्यासाठी आणला नव्हता. आईची शपथ, नव्हता. मी आणला कारण या घरात मला तुझ्याशी बोलायचं होतं आणि दुसरी कुठली वाट आठवेना. त्याचा बाबांनी सापळा केला, आणि सोमवारी आणि काल मी तुझ्याशी खेळत होते तेव्हा प्रत्येक फळीवर मला ते आठवत होतं. काल तू दगडी दरवाजा उघडलास आणि मी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

मला बाबांचा राग येतो. तुझाही येतो, का येऊ नये? आईला घरातून शेवटचं नेलं तेव्हा तू खाली उतरला नाहीस. बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, गाडीवाल्याला दोनदा थांबवलं. "जो आईसाठी उतरला नाही तो कशानेच उतरणार नाही," हे ते तेव्हापासून म्हणतात. काल मी भांडले तेव्हा म्हणाले, "मी ऐंशीला आलोय. मी गेल्यावर ताट कोण नेणार? तू? सैतामाहून? बोल ना!" त्यांना तू नकोसा झालेला नाहीस. ते घाबरलेत. पण घाबरलेला माणूस काय काय करतो, हे तुला मी सांगायला नको.

उद्या मी टीव्ही लावणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे. कडी लावून बस, खिडकीतून बर्फात उडी मार, खाली ये, काय करायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही. पण जिन्यावरचं प्रत्येक पाऊल तुला ऐकू येईल इतकं घर मी शांत ठेवीन.

ताट परत ठेवताना हे पत्र आत ठेवून घे. बाबांच्या हाती लागू देऊ नकोस.

कानाए


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

दादा,

कालचं तू ऐकलंस. दिसलं मात्र काहीच नाही. म्हणून लिहितेय.

ते दहाला पाच मिनिटं असतानाच आले. बूट अगदी ओळीत काढले, टाचा जुळवून. मी मनात म्हटलं, लावा, नीट लावा. त्यांच्यातला जो मोठा होता तो वाकून हळूच म्हणाला, "संगीत चालू करणार होतात ना, ताई?"

"नाही करणार. मी त्याला सांगितलंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी कारखान्यातल्या यंत्राच्या पट्ट्यात बोट घातलं होतं तेव्हा बघितलं होतं, तसं. म्हणाले, "काय केलंस तू हे?"

मोठा माणूस हसला. "हरकत नाही. बऱ्याच घरी होतं असं. थोडा आरडाओरडा होईल, आपण आतल्या खोलीत बसा." बाकीच्या तिघांनी कोट काढून त्यांच्या घड्या घातल्या, बाह्या वर केल्या. दादा, तिघेही अगदी मन लावून घड्या घालत होते.

आणि वर कडी निघाली.

तो आवाज ऐकून सगळे जागच्या जागी थांबले. मग तू म्हणालास, "बाबा, त्यांना पाठवू नका. तुम्ही या."

तुझा आवाज किती बदललाय रे. घोगरा झालाय, आजोबांसारखा. बाबांनी तो ओळखलाच नाही, आधी माझ्याकडे बघून म्हणाले, "कोण बोललं?" मी म्हटलं, दादा. ते चहाचा कप खाली ठेवायला गेले तर बशी सापडेना.

मोठा माणूस पुढे झाला. "उत्तम. दार उघडलंय, आता सोपं आहे. चला." त्याचा पाय पहिल्या पायरीवर होता. बाबांनी त्याला कोपराने बाजूला सारलं, कठडा धरला आणि चढायला लागले. तू ऐकलंस ते धापा टाकणं. तुला दिसलं नाही ते हे, की ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होते, लहान पोरासारखे, आणि मान वर करून तुझ्या दाराच्या फटीकडे बघत होते. अर्ध्यावर त्यांचा गुडघा अडकला. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. तिथेच बसले.

"आजोबा, आम्हाला जाऊ द्या."

"माझ्या मुलाने मला बोलावलंय. तुम्हाला बोलावलेलं नाही."

"आपली सही झालीय."

"सही माझी. जिनाही माझा. ओलांडून जायचं तर जा, बघतो."

जिना इतका अरुंद की ओलांडणार कसे? थोडा वेळ वाट बघून त्यांनी कोट घातले. जाताना पुन्हा वाकून नमस्कार केला. इगाराशी बाई बर्फ काढायचं फावडं घेऊन दारात उभ्या होत्या, चार अनोळखी माणसं जाताना बघत. थेट तुझं नाव घेऊन मला म्हणाल्या, "शिगेयुकी बरा आहे ना?" मी म्हटलं, बरा आहे. नागोयाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

मी आत आले तर बाबा तसेच बसलेले, आणि तू वर दाराआड. बाबा म्हणाले, "बटाटे संपलेत." त्यावर तू म्हणालास, "बरं." इतक्या वर्षांनी बापलेकांत एवढं संभाषण झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे तुम्हाला माझं रडणं ऐकू जाऊ नये.

बाबा माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. तू दार पुन्हा लावून घेतलंस. सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही, मला तसं वाटतही नाही. ते गेल्यावर ताट कोण नेणार, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

रविवारी दुपारच्या गाडीने मी जातेय. बाबांनी एक ठरवलंय, तुला कळवायला सांगितलंय. त्यांचे गुडघे जिथवर चालतात तिथवरच ते ताट आणतील. म्हणजे काल बसले होते त्या पायरीपर्यंत. तिथून पुढचं तू उतरायचं. ते तिथे थांबणार नाहीत, तुला नको असेल तर आतल्या खोलीत जाऊन दार लावतील.

मी विचारलं, "आणि तो उतरलाच नाही तर?"

म्हणाले, "गार झालं की खाली आणीन. गरम करीन. परत नेऊन ठेवीन."

"दिवसभर?"

"मला दुसरं काम काय आहे?"

तुम्हा दोघांची,
कानाए