काट्याची तिसरी चिठ्ठी

आबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की घरात तुमचा विषय निघाला तर सगळे चांगलंच बोलतात. मीही बोलते. गेल्या आठवड्यात दादाने उद्यमनगरातली गॅरेजची जागा रिकामी केली आणि तुमचा पत्र्याचा डबा माझ्याकडे गारगोटीला पाठवला. सोबत निरोप होता, भंगारात घालायच्या आधी बघून घे, तुझं काही असलं तर. डब्यात एक ओळंबा, चष्म्याची तुटकी दांडी, दोन झिजलेले पाने आणि रबरबँडने बांधलेल्या वजनकाट्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. रबरबँड हात लावताच तुटला आणि चिठ्ठ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरल्या. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे. चांगलं लिहायचं असं ठरवून बसले होते, पण ते जमेल असं वाटत नाही.

नव्वदीच्या त्या दिवसांत जुन्या गाडीतलं मेलेलं इंजिन काढून दुसरं बसवणारे मिस्त्री कोल्हापुरात गल्लोगल्ली होते. लोक तुमच्याकडे यायचे ते गाडी तोलात बसवून घ्यायला. श्रीमंत घरांतल्या हौशी माणसांकडे बापजाद्यांच्या दोन दारी, पळणाऱ्या विलायती गाड्या असायच्या. सुटे भाग मिळायचे नाहीत, मग कुठल्या तरी मोठ्या मोटारीचं दणकट इंजिन भंगारातून आणायचं आणि तिच्यात घालायचं. तुम्ही गिऱ्हाइकाला आधीच बजावायचात, "इंजिन कुणीबी बसवंल. पण जड इंजिन घातलं की गाडीचं नाक जड हुतंय. मग तुमी ष्टेरिंग वळवा न्हायतर वळवू नका, वळणावर ती सरळच जाणार." गिऱ्हाईक मान डोलवायचं. त्यातलं किती कळायचं देव जाणे, पण तुमच्या आवाजानेच त्यांची खात्री पटायची. माझीही पटायची. तुमच्याइतकं खरं बोलणारा माणूस जगात नाही, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

गाडी तोलायला तुम्ही ती गूळ मार्केटातल्या ट्रकच्या काट्यावर न्यायचात. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, मग अख्खी गाडी. तीन वजनं, तीन चिठ्ठ्या. "पुढचं अन् मागचं मिळून अख्खं व्हायलाच पायजे. न्हाय झालं तर काटा तरी खोटा, न्हायतर आपण तरी," हे तुमचं वाक्य मला पाठ होतं. त्या काट्याचा दांडा ओढला की जाड कागदावर आकडा ठशासारखा उमटायचा. तुम्ही चिठ्ठी वाचायच्या आधी तिच्यावरून अंगठा फिरवायचात. पेनाने कुणी आकडा फिरवला तर डोळा फसेल, अंगठा फसत नाही, असं तुमचं म्हणणं. आणि गाडी रिकामी कधी पळत नाही म्हणून वजन करताना चालकाच्या जागी माणूस हवा. तो माणूस मी. नुकतीच बारावी झालेली, अंगाने किरकोळ. मालक माझ्याहून जाड असेल त्या मानाने माझ्या मांडीवर आणि बाजूच्या सीटवर गुळाचे रवे, त्या जड ढेपा, रचायचे. ओढणीला गूळ चिकटायचा, मुंग्या दोन दिवस पाठ सोडायच्या नाहीत. एकदा एका हमालाने विचारलं, "काय मिस्त्री, लेकीला गुळाच्या भावात घालणार व्हय?" तुम्ही हसून म्हणालात, "लेक न्हवं, वजन हाय त्ये आमचं." तेव्हापासून सगळं मार्केट मला वजन म्हणायला लागलं. मी पण हसायचे. आता हसू येत नाही.

त्या गूळ व्यापाऱ्यांची गाडी आठवते? त्यांच्या वडिलांची दोन दारी, उघड्या टपाची. त्यांना तिच्यात सहा सिलिंडरचं इंजिन हवं होतं. तुम्ही इंजिन साखळीवर टांगून चार दिवस नुसतं बघत बसला होतात. ते घातलं असतं तर नाक नक्की जड झालं असतं. तुमच्या जेवणाचा डबा घेऊन मी आले होते आणि ताटली पुसता पुसता सहज म्हणाले, "आबा, इंजिन आहे तिथंच का बसवायचं? इंजिन आणि माणसाच्या मधला पत्रा कापून ते वीतभर मागं घ्या. बॅटरी उचलून डिकीत टाका. पुढचा भार तेवढा मागं येईल." तुम्ही वर बघितलंत. गॅरेजात तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. म्हणालात, "गप बस. वजनानं बोलायचं नसतंय." गिऱ्हाइकं खो खो हसली. मी डबा उचलून घरी आले. आईने विचारलं डोळे का लाल, मी सांगितलं रस्त्यातली धूळ गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पत्रा कापलात. वीतभरच.

आई मध्ये पडली म्हणून तुम्ही मला शब्द दिला होता. ही गाडी तोलात बसली की तंत्रनिकेतनचा फॉर्म भरू, मेकॅनिकलचा. मला दुसरं काही नको होतं, आबा. साडी नको, कानातलं नको, फिरायला जायला नको. त्या एका फॉर्मसाठी मी गुळाच्या रव्यांखाली तासनतास बसले. गाडी काट्यावर चढली, तिन्ही चिठ्ठ्या जुळल्या, पुढचा आणि मागचा भार जवळजवळ सारखा निघाला. व्यापारी ती पन्हाळ्याच्या वळणांवरून पळवून आले आणि उतरताच खूश होऊन त्यांच्या घरच्या कानडीत ओरडले, "भाळ छलो, मिस्त्री!" मग मराठीत विचारलं, "इंजिन मागं घ्यायचं डोस्कं कुणाचं?" मी तुमच्यापासून चार पावलांवर उभी होते. दादा दारात बॅट घेऊन उभा होता, दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा कसाबसा पास झालेला. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "पोराचं." एवढंच. तो फॉर्म दादाच्या नावाने भरला गेला. व्यापाऱ्यांनी त्यासाठी कुणाकडे तरी शब्दही टाकला. त्याच लग्नसराईत माझं गारगोटीला जमलं. मी रडले नाही, कारण रडून तोल सांभाळता येत नाही हे मला तुमच्याकडूनच कळलं होतं. माझ्या शब्दाला त्या घरात किती वजन आहे ते त्या दिवशी समजलं. त्यासाठी काट्यावर जावं लागलं नाही.

माझं सासर वाईट नव्हतं, हेही लिहायला हवं. नवरा शाळेत मास्तर, सासूबाई तोंडाने फटकळ पण मनाने सरळ. मी पापड लाटले, म्हशी बघितल्या, मुलांचा अभ्यास घेतला. रस्त्याने एखादी गाडी गेली की तिचं नाक जड आहे का, एवढं आपोआप कळायचं आणि मी मान फिरवायचे. दादाचा डिप्लोमा अर्धवट राहिला, तो गॅरेजातच बसायला लागला, आणि पाटीवर तुमच्या नावाखाली त्याचं नाव लागलं. सणाला माहेरी आले की ती पाटी मी वाचायचे. दर वेळी वाचायचे.

दोन हजार सालानंतरची ती दुपार. मी ओट्याशी भाकरी थापत होते. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "अगं, तुझं वडील आलेत, बघ की!" तुम्ही एकटे, एसटीने, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, दाराची चौकट हाताने चाचपत आत आलात. लग्न झाल्यापासून एकटे कधी आला नव्हतात. पाटावर बसलात, पाणी प्यालात, सासूबाईंशी पावसापाण्याचं बोललात. मग खिशातून तीन चिठ्ठ्या काढून माझ्यासमोर धरल्यात. त्याच गूळ व्यापाऱ्यांनी दुसरी जुनी गाडी आणली होती, तिच्यातही मोठं इंजिन घातलं होतं. तुमच्या डोळ्यांमुळे काट्यावर दादा एकटाच गेला होता. "ह्या आकड्यांवर पुढच्या स्प्रिंगा बेतायच्या हायत," तुम्ही म्हणालात. "मला काय दिसंना. तू वाईच बगून सांग, जुळत्यात काय."

मी हात पुसून चिठ्ठ्या घेतल्या. दोन ठशाच्या होत्या. तिसरी, मागच्या चाकांची, कोऱ्या कागदावर बॉलपेनने लिहिलेली. आकडा दादाच्या हातचा, त्याचा तो पोट फुगलेला सहा मी कुठेही ओळखला असता. मागची चाकं त्याने वेगळी तोललीच नव्हती. अख्ख्यातून पुढचं वजा करून घरबसल्या आकडा काढला होता. पुढचं वजन खरं आहे की नाही हे ज्या तिसऱ्या वजनाने कळतं, तेच नव्हतं. त्या पावसाळ्यात ट्रकांनी काट्याच्या तोंडाशी मोठा खळगा पाडला होता, महिन्यापूर्वी माहेरी आले तेव्हा मी तो बघितला होता. पुढचं वजन करताना मागची चाकं त्या खळग्यात उतरली तर काट्यावरची पुढची चाकं आहेत त्याहून हलकी दिसणार, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तव्यावर भाकरी करपत होती. मी बेरीज केली. वजाबाकी करून काढलेला आकडा, तो जुळणारच. मी म्हणाले, "जुळतात, आबा."

खोटं बोलले नाही मी. तिन्ही आकडे जुळतच होते. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. तुम्ही चिठ्ठ्या परत घेतल्यात, क्षणभर हातात धरून बसलात आणि म्हणालात, "तू बगितलंस न्हवं? मग झालं." जेवला नाहीत. चारच्या गाडीने गेलात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण लिहिते. हलक्या नाकाच्या हिशोबाने बसवलेल्या मऊ स्प्रिंगा, आणि नाक मात्र जड. पन्हाळ्याच्या रस्त्यावर एका वळणाला स्प्रिंगा पार दबल्या, गाडी वळलीच नाही, सरळ चरात गेली. व्यापाऱ्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं. जीव वाचला, ते त्यांचं नशीब आणि माझंही. हात गळ्यात बांधून ते गॅरेजवर आले, भांडले नाहीत, नुसतं म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या हातची गाडी अन् नाक वळंना?" एवढं एक वाक्य उद्यमनगरात पुरलं. त्यानंतर तोलाचं काम घेऊन कुणी आलं नाही. दादाने कागलच्या एमआयडीसीत नोकरी धरली. तुम्ही गॅरेजच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, "इंजिन अजून दोन बोटं मागं घ्यायला पायजे हुतं. माझंच चुकलं." मी तुमच्याशेजारी बसून ते ऐकलं आहे. चहाचा कप तुमच्या हातात दिला आहे आणि ऐकलं आहे. एका वाक्याने तुमची चूक पुसता आली असती. मी कपबशी विसळायला उठले. तुम्ही गेलात तेही ती दोन बोटं मनात घेऊनच.

आता खरं ते. परवा ओट्यावरच्या चिठ्ठ्या गोळा करताना माझा चष्मा जवळ नव्हता, म्हणून तुमच्यासारखाच अंगठा फिरवला. त्यात त्या तीन होत्या, वेगळ्या घडी घातलेल्या. पहिली खरखरीत. दुसरी खरखरीत. तिसरी गुळगुळीत. आणि मला तुमचा हात आठवला, आबा. पाटावर बसून तुम्ही चिठ्ठ्या क्षणभर धरल्या होत्या ना, तेव्हा तुमचा अंगठा त्यांच्यावरून फिरत होता. मी तो बघितला होता आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. डोळे गेले होते, अंगठा शाबूत होता. तुम्हाला कळलं होतं. एसटीत बसायच्या आधीच कळलं असणार.

मग का आलात? दोनच गोष्टी असू शकतात, आणि मी आठवडाभर त्यांच्यामध्ये हेलपाटे घालते आहे. एक म्हणजे पोराला खोटं ठरवायचं काम तुम्हाला माझ्या तोंडून करून घ्यायचं होतं. खांद्यावर हात ठेवलेल्या पोराला तुम्ही स्वतः कसं खोटं म्हणणार? वजन पुन्हा सीटवर बसवायचं होतं. तसं असेल तर बरं झालं, मी गप्प बसले. दुसरी गोष्ट अशी, की तुमचा अंगठा एक सांगत होता आणि मी दुसरं सांगितलं, तर तुम्ही अंगठ्याला बाजूला सारून माझं ऐकलंत. जन्मात एकदाच माझ्या शब्दाला तुमच्या शब्दाहून जास्त वजन दिलंत, आणि नेमकं त्याच दिवशी मी ते असं वापरलं. यातलं कोणतं खरं ते विचारायला तुम्ही नाही.

हे पत्र चिठ्ठ्यांसोबत डब्यात घालून माळ्यावर टाकणार आहे. दादाला दाखवणार नाही. एवढंच सांगायचं राहिलं, की त्या दुपारी तुम्ही चौकट चाचपत बाहेर पडलात तेव्हा मी खिडकीतून बघत होते, आणि मला बरं वाटलं होतं. पायरीवर बसून तुम्ही ती दोन बोटं सांगायचात तेव्हाही बरं वाटायचं. अंगठ्याचं कळल्यावर ते बरं वाटणं जाईल असं वाटलं होतं, पण पुरतं गेलेलं नाही.