पूर्ण नाव सांगा

प्रिय सावंत सिस्टर,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि आज मी पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे. आठवण आली म्हणून नाही, राग आला म्हणून! समोर घटना अहवालाचा कोरा फॉर्म आहे. वॉर्डात चूक झाली की भरायचा तो. भरू की फाडून टाकू, हे सांगायला तुम्ही हव्या होतात. सांगायला नाही तर निदान माझ्यावर ओरडायला तरी! ऐन वेळी गेलात कुठे?

तुमच्या शोकसभेत मी मागच्या खुर्चीवर गप्प बसले होते. कुणी तुम्हाला ममतेची मूर्ती म्हणालं, कुणी सेवेचं व्रत म्हणालं. ममता? तुम्ही? नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका म्हातारीला लाडानं "आजी, हात द्या" म्हटलं, तर भर वॉर्डात तुम्ही कडाडलात, "तुझी आजी तुझ्या घरी. ह्यांना नाव आहे!" आणि कुणी सेवा-बिवा म्हटलेलं तुम्हाला मुळीच खपायचं नाही. "सेवा देवळात करा. मी इथे पगार घेते आणि काम करते," म्हणायचात. त्या दिवशी उठून हे सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

आणि तो चुडा! लग्नानंतर मी पहिल्यांदा ड्यूटीवर आले, हातभर हिरव्या बांगड्या घालून. तुम्ही म्हणालात, "ह्या घालून हात कोपरापर्यंत कसे धुणार? काढ, नाहीतर घरी जा." साबण लावून काढताना दोन बांगड्या वाढल्या. सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तुम्हाला काय त्याचं! तुम्ही आपला एक रिकामा डबा आणून दिलात. "ड्यूटी संपली की घाल. नवरा तुझा आहे, जखम पेशंटची आहे." इतका संताप आला होता तुमचा!

पण खरा वैताग होता तो नावाचा. सुई टोचायच्या आधी पेशंटचं नाव आपण घ्यायचं नाही, त्याच्या तोंडून काढायचं. "पूर्ण नाव सांगा." "तुम्ही अमुक ना?" असं विचारलं की घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं, असं तुमचं म्हणणं. बरं, पण आपल्याकडे येणाऱ्या गावच्या बायका नवऱ्याचं नाव घेतात का? आणि त्याशिवाय पूर्ण नाव होतं का? मग तुम्ही सुई हातात धरून सांगायचात, "उखाण्यात घ्या!" की झालं. ती लाजणार, शेजारचीला हसू फुटणार, आणि आमची औषधांची वेळ टळत जाणार. वॉर्ड आहे की लग्नघर, असं मी तुमच्या पाठीमागे म्हणायचे. आज तोंडावर सांगते.

परवा काय झालं ते ऐका. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या आपल्या वॉर्डात दोन लक्ष्मी भोईर आहेत. एक उल्हासनगरच्याच, मधुमेहाच्या. दुसऱ्या सोनिवली गावच्या, पाय प्लास्टरमधे, साखरेचा काही त्रास नाही. सकाळी सोनिवलीच्या बाईंना उकडत होतं म्हणून त्यांना पंख्याखाली, मधुमेहाच्या बाईंच्या कॉटवर हलवलं, आणि मधुमेहाच्या बाई त्यांच्या जागी गेल्या. मला कुणी सांगितलं नाही. दुपारी जेवणाआधी मी इन्शुलिन घेऊन घाईघाईत पंख्याखालच्या कॉटपाशी गेले, चादरीखालचं प्लास्टरही पाहिलं नाही, आणि विचारलं, "लक्ष्मीबाई भोईर ना?"

"व्हय गो बाय," त्या म्हणाल्या.

बाकीचं तुम्हाला सांगायला नको. अर्ध्या तासात त्यांना दरदरून घाम, हात थरथरायला लागले. साखर तपासली, पार खाली गेलेली. ग्लुकोज लावलं, डॉक्टरांना बोलावून चूक सांगितली. संध्याकाळपर्यंत त्या उठून बसल्या, वरणभात जेवल्या. मी स्टाफरूममधे जाऊन रडले. ट्रेनी नव्हते, सिस्टर. दोन महिन्यांपूर्वी इन्चार्ज झाले आहे, तुमच्या खुर्चीत बसते!

काल ॲडमिन साहेबांनी बोलावलं. पुढच्या आठवड्यात बाहेरून तपासणीला माणसं येणार आहेत. "सिस्टर, थोडा प्रोफेशनल बनो. पेशंट ठीक है ना? फिर लिखना क्यों? इन्चार्ज रहना है ना आपको?" मी मान हलवली. हो, होकारार्थी हलवली! बावीस वर्षं तुमच्या हाताखाली काढून मी मान हलवली.

तो 'प्रोफेशनल' शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. हल्ली मात्र दिवसातून दहा वेळा ऐकते. हसून बोला म्हणजे प्रोफेशनल, ताई नको मॅम म्हणा म्हणजे प्रोफेशनल, आणि आता चूक गिळा म्हणजे प्रोफेशनल! तुम्ही एक साधी व्याख्या करून का नाही गेलात? मी त्यांच्या तोंडावर फेकली असती.

आज दुपारी राहवेना. सोनिवलीच्या लक्ष्मीबाईंच्या कॉटपाशी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगून टाकलं. दुसरीची सुई तुम्हाला दिली, चूक माझी. मला वाटलं, आरडाओरडा करतील, मुलाला बोलावतील. त्या म्हणाल्या, "मंग मना इचारायचा ना गो! मीच सांगितला असता, ती मी नाय."

मी विचारलंच नव्हतं. हो म्हणायला लावलं होतं फक्त.

तेवढ्यात त्यांच्या दुखण्याच्या इंजेक्शनची वेळ झाली. मी ते भरून आणलं आणि उभी राहिले. म्हटलं, "पूर्ण नाव सांगा."

"नाय गो, धन्याचा नाव कसा घेऊ?"

"उखाण्यात घ्या."

त्यांनी पदर तोंडाला लावला. समोरच्या दोघी उठून बसल्या. आणि सिस्टर, वयाच्या सत्तरीत बाई लाजत म्हणाल्या,

"सोनिवलीच्या वाटेवर आंब्याचा झाड,
गणपतरावांचा नाव घेते, सुई लवकर काढ!"

सगळा वॉर्ड हसला. औषधांना वीस मिनिटं उशीर झाला. मला तुमची इतकी आठवण आली की इंजेक्शन देऊन मी सरळ बाथरूममधे गेले.

आता घरी बसले आहे. हे पत्र मधेच ठेवून फॉर्म भरलाय. काय झालं, कसं झालं, कुणी काय विचारलं नाही, सगळं. फक्त सही राहिली आहे. माझ्या सहीला तुम्ही कोंबडीचे पाय म्हणायचात. "चूक झाली तर कळायला नको कुणाची ते?" म्हणून चिडायचात. मला वाटायचं, बाई उगीच छळते.

उद्या सकाळी हा फॉर्म मी स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. खुर्ची गेली तर जाईल. तुमचा तो बांगड्यांचा डबा अजून आहे माझ्याकडे, त्यात टेबलावरचं सामान भरून साधी नर्स म्हणून परत वॉर्डात उभी राहीन. आणि सुई हातात असेपर्यंत प्रत्येकीला पूर्ण नाव विचारीन, हा शब्द देते.

सही आधी इथे करून बघते. फॉर्मवरही अशीच करीन, वाचता येईल अशी.

तुमची,
वैशाली प्रकाश म्हात्रे
अंबरनाथ पूर्व