बोटीवर न घ्यायचं नाव

४ सप्टेंबर, रविवार

गेला एकदाचा!

धक्क्यावर ही गर्दी. बँड, पाद्री, महापौर, सगळं गाव. मी रडले नाही. रडायचं काय त्यात? रेमी बुर्दिनो, वय वर्षं त्रेसष्ट, एकटाच शिडाच्या बोटीत बसून पृथ्वीला फेरी घालायच्या शर्यतीत निघालाय. तीही जुन्या पद्धतीने! जागा दाखवणारं यंत्र नाही, संगणक नाही. जुनी बोट, कागदी नकाशे, चावीचं घड्याळ आणि सूर्याची उंची मोजायचं एक पितळी यंत्र. बत्तीस वर्षं ट्यूना धरायला पडद्यावरचा ठिपका बघत फिरला, आणि निवृत्त झाल्यावर साहेबांना आजोबांसारखं जगायचंय. घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही. "सोलांज, इथेच ठेवला होता गं!" हा आता सूर्याकडे बघून आपण कुठे आहोत ते शोधणार.

बोटीच्या कुशीवर डबाबंद घेवड्याची मोठी जाहिरात. आठ महिने तेच खायचं आहे. वाऱ्याची काही कमतरता पडणार नाही.

७ सप्टेंबर

ओदेतच्या कॅफेत गेले होते. माझी धाकटी जाऊ. तिने फोन नाकासमोर धरला—निळा समुद्र, त्यावर लाल ठिपका. "हे बघ, आपले भाऊजी!" डोलकाठीवर एक खोका ठोकलाय, तो दर तासाला बोटीची जागा कळवतो. साऱ्या जगाला. फक्त रेमीला नाही. त्याला ते सांगणं म्हणजे फसवणूक, लगेच बाद.

म्हणजे हा कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक, यालाच नाही. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. आता नुसता नियम केला.

१८ सप्टेंबर, रविवार

पहिला कॉल. आजपासून दर रविवारी सकाळी दहाला, शर्यतीच्या कचेरीतून, दहा मिनिटं. शेजारी पंच ब्लाँशार. पूर्वी आरमारात होता, अजून तसाच बसतो, पाठीला फळी बांधल्यासारखा. त्याचं बोट कॉल तोडायच्या बटणावर. जागा सांगायची नाही, हवामान सांगायचं नाही, पुढे कोण मागे कोण तेही नाही.

"मग बोलायचं काय?"

"प्रेमाचं बोला, मादाम."

एकोणचाळीस वर्षं झाली लग्नाला! प्रेमाचं दोन मिनिटांत आटोपलं. उरलेली आठ मिनिटं स्वयंपाकघराच्या नळावर बोललो. गळतोय अजून.

२३ ऑक्टोबर

सतरावरून अकरावा. पुढच्या सहा जणांच्या डोलकाठ्या मोडल्या किंवा अंगातलं पाणी आटलं, हा आपला रांगतोय. कॅफेत सगळे असे छाती काढून फिरतायत, जसं यांनीच सुकाणू धरलंय.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज परत दोघांपुरता घेवडा शिजवला. अर्धा ओदेतच्या कुत्र्याने खाल्ला.

मला हा माणूस घरी हवाय. झालं, लिहिलं! बाजारात विचारतात तेव्हा सांगते, "बरंय की, पलंग मोठा झाला." माझ्या गाळ्यावर सोल मासे सोलायचे आणि दात काढायचे. पण हवाय. घोरण्यासकट.

४ डिसेंबर, रविवार

आवाज पार खाली गेलेला. दोन दिवस ताप होता म्हणे. आणि मग हळूच—"घड्याळाला चावी द्यायची राहिली गं. बंद पडलं."

ब्लाँशारने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.

रेडिओच्या ठोक्यावर परत लावलं, म्हणाला. बरोबर लावलं का, ते देव जाणे. सूर्य मोजून काय उपयोग, वेळच चुकली तर? चार सेकंद इकडे तिकडे झाले की जागा एका मैलाने सरकते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. "तुझी तब्येत कशी आहे?" विचारलं. तर साहेब विचारतात, "नळ दुरुस्त केलास का? राहू दे. करू नकोस."

तापच असणार.

९ डिसेंबर

ठिपका वळला!

न्यूझीलंडच्या तळाशी स्टुअर्ट नावाचं बेट आहे. सगळे त्याच्या खालून, लांबून जातात. हा सरळ त्याच्या अंगावर निघालाय. समोर नुसते खडक. ओदेतने फोन उलटा करून पाहिला, जसं काही त्याने फरक पडणार. कॅफेतले सगळे विद्वान फोनवर वाकले. "घड्याळ," एवढंच कुणीतरी म्हणालं.

१० डिसेंबर

ब्लाँशारकडे गेले.

"त्याला सांगा."

"नाही सांगता येत, मादाम. नियम सर्वांना सारखा. त्याच्याकडे सीलबंद डब्यात जागा दाखवणारं यंत्र आहे. जिवाला धोका वाटला तर तो सील तोडेल."

"अहो, धोका आहे हे कळायला आधी सील तोडायला हवं ना!"

ब्लाँशारने चष्मा पुसला. "हीच तर जुनी पद्धत आहे," म्हणाला.

त्या जुन्या पद्धतीच्या नावाने ठणाणा करत घरी आले. मी उद्या ओरडून सांगितलं तर पहिल्याच शब्दाला बटण दाबणार हा. रेमी बाद, आणि वर काही ऐकलेलं नाही. खडक आहेतच.

संध्याकाळी सुचलं. आहे एक उपाय. सासऱ्यांनी याच्या डोक्यात भरवलेला.

आमच्याकडे एक नाव बोटीवर घेत नाहीत. लांब कानांचं ते जनावर. पूर्वी जहाजावर खायला नेत, पिंजऱ्यातून सुटायचं आणि दोर कुरतडायचं, माणसं बुडायची. कागदावर लिहायला हरकत नाही, कागद काही तरंगत नाहीये. ससा. सासरे म्हणायचे, "ते नाव कानावर पडलं, की जे करायला निघालास ते तिथेच टाक. पाठ फिरव!" एकदा धक्क्यावर कुणी पर्यटक बाई पोरीला म्हणाली, बघ सशाचं चित्र. रेमीने सोडलेला दोर परत बांधला आणि दिवसभर घरात बसला. तीन वाजेपर्यंत माझ्याशीही बोलला नाही.

११ डिसेंबर, रविवार

साठ मैल उरले होते. म्हणजे दहा तास. तिकडे अंधार पडत असणार.

आवाज छान होता त्याचा! हेच भयंकर. "सोलांज, तुला एक सांगायचंय, पण पुढच्या खेपेला. हसशील तू."

मी घाईने म्हटलं, "रेमी, आज जेवायला ससा करतेय."

 नुसती खरखर.

"काय म्हणालीस?"

"ससा. मोहरी घालून. आख्खा ससा, रेमी."

 मग म्हणाला, "बरं." आणि त्यानेच बंद केलं.

ब्लाँशार पांढराफटक! नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. जागा नाही, हवामान नाही, नुसता स्वयंपाक. तरी म्हणाला, "मादाम, याचा अहवाल लिहावा लागेल." लेखणी घेतली. टेकवली. बराच वेळ टेकवून बसला. तो शब्द लिहायची छाती होईना! शेवटी लिहिलं—'कौटुंबिक संभाषण.' आरमारातला माणूस!

दीडला ठिपका दक्षिणेला वळला. ओदेतने माझा मुका घेतला, कुत्र्याचा घेतला, पोस्टमनचाही घेतला. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. ओक्साबोक्शी. वाचला!

१४ डिसेंबर

बेट मागे पडलं. बाजारात बायका माझ्याकडे बघून टाळ्या वाजवतायत. मीही जरा मिरवतेय, का नाही मिरवायचं? नवरा सूर्य मोजत बसला होता, मी एका शब्दात बोट वळवली.

१८ डिसेंबर, रविवार

आवाज खणखणीत, वीस वर्षांनी लहान झालेला.

"आज सांगतो. घड्याळ बरोबर होतं गं. चार ताऱ्यांवरून पडताळलं होतं. त्या बेटाला वळसा घालून मागच्या बंदरात शिरणार होतो. पुरे झालं होतं मला. बोट तिथेच विकायची आणि नाताळला विमानाने तुझ्या दारात, न सांगता! आणि तू ते नाव घेतलंस. तीनदा! तेव्हा कळलं, हिने ओळखलंय मी सोडतोय, आणि ही म्हणतेय सोडू नकोस. सोलांज, आठवडाभर मी इथे गातोय. अशी बायको कुणाला आहे? म्हणूनच घेतलंस ना ते नाव?"

नऊशे मैल पुढे गेलाय. तिकडे वारा पश्चिमेचा, मागे वळता येत नाही. आता दक्षिण अमेरिकेचं टोक, हॉर्न, आणि चार महिने.

ब्लाँशार खाली बघत होता. त्याने बटणावरचं बोट काढलं होतं.

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच."