बारवेतल्या टिकल्या

४ मार्च
दुकान उघडायच्या आधीच बाळूचा फोन. धाकटा भाऊ, पण गावच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून आधी खाकरतो, मग बोलतो. माहेरची जुनी बारव साफ करायचं ठरलंय. उद्या दुपारी मोटर लावून सगळं पाणी उपसणार, मग गाळ काढणार. काम चांगलंच आहे. मी विचारलं, टिकल्यांचं काय?

"कुठल्या टिकल्या?"

अरे, कपाळावर चमकता ठिपका असतो ते मासे. पायऱ्यांवर बसलं की पायाशी यायचे.

"अक्का, गावाला पाणी पायजे का मासं?"

दोन्ही, म्हटलं. हसला. तो हसला आणि माझं ठरलं. उद्या दुकान बंद. एक दिवस झेरॉक्स मिळाली नाही म्हणून भूम शहराचं काही अडत नाही.

५ मार्च
पहिल्या एसटीनं गावी. बारवेत तळाला हिरवं पाणी, नारळाच्या शेंड्या, गुटख्याच्या पुड्या. आणि टिकल्या! बोटाएवढ्या, अगदी वरच्या वर, हलत नाहीत. सावली पडली की गायब. मी आणि भावजय सुनीता जुनी साडी दोन्हीकडून धरून ओढत बसलो. नुसतं शेवाळ. साडी फाटली ते वेगळं.

शेवटी सुनीता म्हणाली, "आपुन त्यांच्याकडं जायचं कशाला? त्यांनाच बोलवू." साडी पाण्याखाली पसरून ठेवली आणि वर बाभळीच्या मुंग्या झटकल्या. टिकल्या मुंग्या खायला आल्या. साडी उचलली. असं चार-पाचदा. मग उरलेल्या शहाण्या झाल्या, येईनात. त्यांच्यासाठी जीव तुटला, पण बाळूची माणसं मोटर घेऊन वर उभीच होती.

पंधराएक मिळाल्या. झाकणाची बादली, दोन कॅन बारवेचंच पाणी. येताना कंडक्टर म्हणाला, एवढ्याशा माशांचं कालवण कसं होणार? बादलीचं झाकण दाबून धरलं. तोंडावर आलेलं बोलले असते तर तिकीट मिळालं नसतं.

६ मार्च
मागच्या दिवाळीतली काचेची टाकी. तिच्यातले सोनेरी मासे महिन्याभरात गेले, तेव्हापासून सासूबाईंनी तिच्यात प्लास्टिकची फुलं लावलीत. फुलं काढली. "आत्या, माझ्या माहेरचे पाहुणे आलेत," म्हटलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं. "ह्यांच्यापरीस फुलं बरी होती."

बघू. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, ते घालायचं नाही. बारव परत भरली की यांना परत सोडायचं. तोवर एकही मरू द्यायची नाही.

७ मार्च
मेली. एक. उडी मारून टीव्हीखाली. मुंग्या लागल्या होत्या. चूक माझीच, टाकी उघडी ठेवली. गव्हाची चाळण वर पालथी घातली, तिच्यावर वरवंटा. आता मारा उड्या.

आत्या म्हणतात, चाळण परत दळणाला वापरायची नाही. बरं.

१२ मार्च
विकतचं मासे-खाद्य तोंडात घेतात आणि थुंकतात. माणसांसारखेच नखरे. जिवंत पाहिजे. शेजारच्या शेवंताबाईंच्या अंगणातल्या पिंपात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. तांब्या घेऊन गेले.

"म्हंजी माझ्या घरात डास हायत म्हणायलीस का तू?"

नाही हो, म्हटलं, तुमचं पाणी चांगलं आहे म्हणून... काहीही बोलले. पण तांब्याभर मिळाल्या. टाकीत ओतल्या तर काय तुटून पडल्या! आत्यांनी पण खुर्ची जवळ ओढली.

२१ मार्च
शेवंताबाई मासे बघायला आल्या. त्यांच्या सुनीलचं लग्न जमेना. ज्योतिषानं सांगितलंय, माशांना कणकेच्या गोळ्या घाला. नदी कोरडी, तलाव लांब. इथं मासे दारात. आत्यांनी घालू दिल्या. दोनच गोळ्या म्हणे. मी तेव्हाच अडवायला हवं होतं.

२९ मार्च
आज अमावास्या. दुकानावर ॲडमिशनच्या कागदांची गर्दी, यायला उशीर. दारात चपलाच चपला. गल्लीतल्या बायका, प्रत्येकीच्या हातात वाटी. कुणाचं कोर्टाचं काम, कुणाच्या सुनेला दिवस राहात नाहीत. टाकीतलं पाणी ताकासारखं. टिकल्या सगळ्या वर तोंड काढून आ करताहेत.

ओरडले. शेवंताबाईंच्या वयाचा मान पण ठेवला नाही. "पुण्य तुमचं आणि मरायचं माझ्या माशांनी?" बायका निघून गेल्या. आत्या स्वयंपाकघरात गेल्या, दार लावलं.

हे गाडी लावून नुकते आलेले. माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता कॅन उचलले. मळ्यातल्या बोअरचं पाणी, दोन फेऱ्या. ड्रायव्हर माणूस दिवसभर स्टेअरिंग धरून आलेला. तोंडानं कुरकुर, पण सांडला नाही एक थेंब.

तीन मेल्या.

३० मार्च
आणखी एक.

आज पाडवा, आणि आत्या बोलत नाहीत. सकाळी चहा ठेवला त्यांच्यापुढं, तसाच गार. मग म्हणाल्या, "दारात आल्याला न्हाय कसं म्हणू? तुझं मासं झालं, आमचं मानूस न्हाय का कुनी?"

खरं आहे. राग आला तो आला, पण खरं आहे. बायकांना नको म्हणायचं नाही. कणकेला नको म्हणायचं.

२ एप्रिल
शेवंताबाईंकडं स्वतः गेले. पाया पडले. सांगितलं, यांना घालायचंच तर गोळ्या नको, अळ्या आणा. पिंपातल्या, कुंड्यांतल्या, टायरातल्या. गोळ्या लिंबाखाली मुंग्यांना घाला. मुंग्या पण देवाच्याच.

आत्यांनी लगेच शंका काढली. "जित्ता जीव खाऊ घालायचा आन् पुन्य मागायचं?"

शेवंताबाई म्हणाल्या, "आवं, त्येच जीव रातभर मला खात्यात. त्यांचं पाप कुनी धरलंय?"

आत्या हसल्या. चार दिवसांनी.

९ एप्रिल
बायका पेल्यांत अळ्या घेऊन येताहेत! एकीनं तर हळदीकुंकू वाहिलं पेल्याला. मी दोन अटी घातल्या: चाळण मी उचलणार, पेला मी ओतणार. टिकल्या फुगल्यात. नरांच्या अंगावरचे ठिपके असे लखलखतात की बघत राहावं. आणि गल्लीतले डास कमी झाल्यासारखं वाटतंय. (हे म्हणतात, उगं काहीही. वाटतंय तर वाटतंय.)

१८ एप्रिल
मोबाइलवर वाचलं होतं, अंडी मुळांना चिकटवतात. आत्यांच्या उरलेल्या लोकरीचा गोंडा करून पाण्यात सोडला होता. आज बाहेर काढला, उजेडात धरला... खसखशीपेक्षा जरा मोठे, काचेसारखे दाणे! आत्यांना हाक मारली. त्यांनी गोंडा हातात घेतला आणि एकदम हळू बोलायला लागल्या, घरात तान्हं असल्यासारखं.

गोंडा वेगळ्या बरणीत. आईबापच पिलं खातात म्हणे.

२ मे
पिलं! पापणीच्या केसाएवढी, दोन डोळे आणि शेपूट. बरणीला डोळा लावून मोजायला गेले, जमेना. दुकानावर गिऱ्हाइकाला आधार कार्डाच्या जागी त्याच्याच लाइट बिलाच्या झेरॉक्स दिल्या.

११ मे
बाळूचा फोन. गाळ निघाला, तळाचा झरा मोकळा झाला, कमरेएवढं पाणी चढलंय, तेही ऐन उन्हात. आवाजात एवढा आनंद की खाकरायचं विसरला. मलाही भरून आलं. म्हटलं, मग मी टिकल्या घेऊन येते.

आता खाकरला. मग म्हणाला, मंडळानं लाल-सोनेरी मासे सांगितलेत, मोठे. पंधरा तारखेला सोडण्याचा कार्यक्रम. पाहुणे येणार.

अरे, ते टिकल्यांची पिलं खातील, एकसुद्धा ठेवणार नाहीत.

"अक्का, तुझं मासं फोटोत दिसत बी न्हायत."

फोन मी ठेवला. ही बारव बांधली तेव्हा तुझा फोटो होता का रे?

१२ मे
परत फोन केला. ऐकत नाही. पैसे दिलेत, पोरं नाराज होतील, तू सासरी दिलेली, गावच्या कामात कशाला पडतेस. हे शेवटचं लागलं. लई लागलं.

विचार केला. बाळू माझं ऐकणार नाही. पण बहिणीच्या सासूपुढं त्याची मान वर होत नाही, कुठल्याच भावाची होत नाही आमच्याकडं. आत्यांना विचारलं, येता का?

"पोरींना माह्यारी सोडायचंय. मोकळ्या हातानं जाऊ व्हय?" आणि कपाटातून नवीन लुगडं काढलं.

अर्ध्या मोठ्या आणि बरीच पिलं नेणार. अर्ध्या इथं राहतील. सगळ्या एका ठिकाणी ठेवायच्या नाहीत, एवढं कळलंय आता.

१४ मे
पायरीवर बसूनच लिहितेय. दुपारी आलो. बारव ओळखू येत नाही. दगड धुतलेले, तळ दिसतो. माझ्या गावच्या पोरांनी केलंय हे सगळं, ऊर भरून आला. बाळूला तसं सांगितलं पण. बादली पाण्यावर टेकवली, तिरकी केली. मोठ्या आधी गेल्या. पिलं काठाकाठानं पायरीच्या कपारीत. आत्यांनी कुंकू वाहिलं.

मग बाळू पिशव्या घेऊन आला, फुगवलेल्या, आत लाल मासे. आजच सोडून बघू म्हणाला, उद्या घोटाळा नको. मी पाण्यालगतच्या पायरीवर बसले. माझ्या वरच्या पायरीवर आत्या बसल्या, लुगडं आवरून, मधोमध. बारवेला एकच अरुंद जिना, त्यांना ओलांडल्याशिवाय पाण्यापर्यंत यायला वाट नाही, आणि ओलांडायची त्याची छाती नाही.

"आत्या, जरा सरकता का?"

"गुडघं धरल्यात बाबा."

पिशव्या घेऊन वर गेला. पोरांशी बोलतोय, मध्येच आवाज चढतो. लाल मासे परत पाठवले नाहीत, वरच ठेवलेत सावलीला, पिशवीत त्यांचाही जीव गुदमरत असेल. त्यांचा काय दोष? त्याला म्हटलंय, माझी टाकी अर्धी रिकामी आहे, मधे जाळी लावून मी ठेवते.

उन्हं उतरली. पाहुणे उद्या दहाला येणार. मगाशी वरून हाक आली, "अक्का, जेवायला तरी वर या दोघी."

म्हटलं, ताटं खालीच पाठव.